वणव्यापूर्वीचे दोन महिने : वनरक्षकाची माघ-फाल्गुनातील कामे व गावाचा वाटा

रब्बीचा गहू ओंबीवर येतो, हरभऱ्याचे घाटे भरतात आणि थंडीचा कडाका ओसरू लागतो, त्या सुमारास शेतकऱ्याची नजर स्वाभाविकच खळ्याकडे वळलेली असते. पण याच वेळी गावाच्या डोंगरउतारावरील गवत पिवळे पडून वाळलेले असते, सागाची व पळसाची पाने गळून जमिनीवर त्यांचा थर साचत असतो, आणि वाऱ्यातील ओलावा दिवसेंदिवस कमी होत असतो. शेतातील पीक हाती येण्याचा हा काळ रानाच्या दृष्टीने मोठ्या जोखमीचा होय. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. या हंगामात रान वाचेल की जळेल, हे बहुतांशी त्याआधीच्या व आरंभीच्या काही आठवड्यांतील कामावर ठरते. ते काम कोणते, वनरक्षक ते कसे करतो, आणि शेतकरी व गावपातळीवरील कार्यकर्ते यांनी त्यात कोणता भाग उचलावा, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. वनरक्षक व त्याचे क्षेत्र

वनविभागाच्या रचनेत सर्वांत लहान घटक म्हणजे नियतक्षेत्र. यालाच आपण बोलण्यात बीट म्हणतो. एका बीटावर एक वनरक्षक असतो. अशी काही नियतक्षेत्रे मिळून परिमंडळ होते व त्यावर वनपाल असतो. काही परिमंडळे मिळून वनपरिक्षेत्र होते. वनरक्षकाच्या एकट्याच्या देखरेखीखाली शेकडो हेक्टर रान असते व ते बहुधा अनेक गावांच्या शिवारांस लागून असते. तो एका टोकास गस्तीवर असता दुसऱ्या टोकास ठिणगी पडली, तर ती प्रथम त्याच्या दृष्टीस पडणे कठीण. ती पडते गुराख्याच्या, सरपण आणणाऱ्या बाईच्या किंवा रानालगतच्या शेतात राखणीस असलेल्या शेतकऱ्याच्या. म्हणून वनरक्षणाचे काम एका माणसाच्या नोकरीचे आहे, अशी समजूत असल्यास ती प्रथम सोडून द्यावी.

२. जळण्याने नेमके काय होते

‘गवत जाळले म्हणजे पुढील वर्षी ते जोमाने येते’ असे पुष्कळ ठिकाणी मानले जाते. या समजुतीस एक दिसणारा आधार आहे. जळालेल्या डोंगरावर थोड्याच दिवसांत हिरवे कोंब दिसू लागतात. परंतु ते कोंब राखेमुळे फुटत नाहीत. बहुवर्षायु गवताच्या मुळांत जी साठवण असते, ती खर्चून ते फुटतात. पाऊस येईपर्यंत ही साठवण पुन्हा भरून निघत नाही. त्यातच गुरांनी ते कोवळे कोंब ओरबाडले म्हणजे गवताचे थोंब अशक्त होत जाते.

राखेत पालाश व चुना राहतो हे खरे, पण गवतातील नत्राचा बराचसा भाग धुराबरोबर हवेत निघून जातो, आणि उतारावर उरलेली राख पहिल्याच वळवाच्या सरीने ओढ्यास मिळते. पाचोळ्याचे आच्छादन जळाल्यामुळे पावसाचे टपोरे थेंब उघड्या मातीवर आदळतात, मातीची रंध्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी धावते आणि वरचा सुपीक थर घेऊन खाली येते. ज्या गावाच्या माथ्यावरील रान दरवर्षी जळते, त्या गावाची विहीर लवकर आटते व तळे गाळाने लवकर भरते, याचे कारण येथे आहे.

आणखी एक हानी अशी की, ती एका वर्षात ध्यानात येत नाही. आपल्या डोंगरांवर पवन्या व मारवेल ही उत्तम चाऱ्याची गवते आहेत. वारंवार जाळल्याने व अतिचराईने ती मागे पडतात आणि त्यांची जागा कुसळी घेते. कुसळीच्या बियांस लांब, पिळदार कुसळ असते. ओलावा लागला की ते पीळ सोडते, सुकले की पुन्हा पीळ घेते, आणि अशा रीतीने बी मातीत गिरमिटासारखे शिरते. मातीत दडलेले ते बी आगीतून सुटते. म्हणजे आपण आग लावतो ती चांगले गवत यावे म्हणून, आणि तिचा लाभ मिळतो तो गुरांच्या तोंडास व मेंढ्यांच्या कातडीस टोचणाऱ्या गवतास.

झाडांच्या बाबतीतही असेच घडते. सागाचे लहान रोप आगीत जळाले तरी त्याचे मूळ जिवंत राहते व पावसाळ्यात पुन्हा फुटते. पुढील उन्हाळ्यात ते पुन्हा जळते. अशा रोपाच्या मुळाचे वय कित्येक वर्षांचे, पण खोड मात्र एका वर्षाचे असते. रानात रोपे दिसतात, तरी रान वाढत नाही, याचे हे एक महत्त्वाचे कारण होय.

आता चाऱ्याचा हिशेब पाहू. सुमारे ३०० किलो वजनाच्या जनावरास दिवसाला साधारण ६ किलो वाळला चारा लागतो असे धरले, तर बैलजोडीस दिवसाला १२ किलो लागेल. फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांचे १२० दिवस धरल्यास एका जोडीस १,४४० किलो, म्हणजे जवळजवळ दीड टन चारा हवा. गावचे कुरण एका दुपारी जळाले, तर हा दीड टन चारा प्रत्येक जोडीमागे विकत आणावा लागेल, नाही तर जोडी बाजारात न्यावी लागेल. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या दावणीची जनावरे मोजून हा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

३. वणवा कशाने लागतो

आपल्याकडे वीज पडते ती बहुधा पावसासह, त्यामुळे विजेने वणवा लागणे विरळा. बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात. त्यांची नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालील पाचोळा जाळणे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहाची फुले गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून खालची जागा जाळली जाते व आग न विझवताच लोक पुढच्या झाडाकडे जातात. त्याऐवजी पाचोळा झाडून बाजूस करावा, किंवा झाडाखाली जाळे अगर जुनी लुगडी पसरावी. यामुळे फुलांना माती व राख लागत नाही आणि माल स्वच्छ राहतो, हा वेगळाच लाभ.

(आ) तेंदूची नवी पाने भरपूर यावीत म्हणून झुडपे जाळणे. यास योग्य पर्याय खुटकटाईचा आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूची झुडपे जमिनीलगत धारदार हत्याराने छाटली असता सुमारे दीड महिन्याने चांगली पाने मिळतात.

(इ) कोकणात व घाटमाथ्यावर भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजणे. भर दुपारी, वारा सुटला असता भाजलेल्या राबाची ठिणगी शेजारच्या गवतात पडते. राब न भाजताही गादीवाफ्यावर शेणखत मिसळून उत्तम रोपे तयार करता येतात. ज्यांस अद्याप राब सोडणे जमलेले नाही, त्यांनी निदान राबाभोवतीचे गवत काढून, पहाटेच्या वेळी, पाणी व माणसे जवळ ठेवून ते काम करावे, आणि राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये.

(ई) बांधावरचे गवत, उसाचे पाचट व गव्हाचे काड पेटविणे. हे शेतात पेटते व रानात जाते. पाचट कुजविले तर ते जमिनीचे अन्न होते, जाळले तर शेजाऱ्याशी वैर होते.

(उ) विडी-सिगारेटचे थोटूक, वाटसरूंची न विझविलेली चूल, मधाच्या पोळ्यासाठी पेटविलेला पलिता, आणि शिकारीसाठी मुद्दाम लावलेली आग.

४. जाळरेषा

आगीस तीन गोष्टी लागतात : जळण, उष्णता व हवा. रानातील हवा आपण रोखू शकत नाही व उन्हाळ्याची उष्णता कमी करू शकत नाही. राहते ते जळण. रानात ठरावीक ओळीत जळणाचा पट्टा काढून टाकणे, म्हणजे आग आली तरी त्या पट्ट्याशी अडेल, हे जाळरेषेचे तत्त्व होय.

वनरक्षक हे काम टप्प्याटप्प्याने करून घेतो. थंडीच्या आरंभी नियोजित पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत व झुडपे सुमारे एक मीटर रुंदीत कापून, झाडून स्वच्छ करतात. मधल्या पट्ट्यातील गवत तसेच वाळू दिले जाते. ते वाळले म्हणजे, भोवतालचे रान अद्याप अगदी कोरडे झालेले नसताना, मधला पट्टा बंदोबस्ताने जाळतात. ही जाळणी १५ फेब्रुवारीच्या आत पुरी व्हावयास हवी. पट्ट्याची रुंदी गवताच्या उंचीप्रमाणे व उताराप्रमाणे कमीजास्त ठेवावी लागते. उंच गवताच्या, चढाच्या जागी अरुंद पट्टा निरुपयोगी ठरतो.

जाळणीच्या वेळी पुढील नियम पाळले जातात. दव असलेली सकाळ किंवा वारा पडलेली सायंकाळ निवडावी. आग वाऱ्याच्या उलट दिशेने सरकेल अशी लावावी, म्हणजे ज्या दिशेस वारा वाहत आहे त्या टोकाकडून पेटवीत यावे. वाऱ्याविरुद्ध सरकणारी आग बुटकी व संथ असते आणि माणसाच्या आटोक्यात राहते. दोन्ही कडांवर हिरव्या फांद्या घेतलेली माणसे उभी करावीत. शेवटची ठिणगी विझेपर्यंत कोणी घरी जाऊ नये. वनक्षेत्रातील ही जाळणी वनविभागाच्या देखरेखीखालीच व्हावी, शेतकऱ्याने आपल्या मर्जीने ती करू नये.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जाळरेषा एकदा काढली म्हणजे काम संपले असे होत नाही. पानगळ पुढेही चालूच असते. माघात स्वच्छ केलेला पट्टा फाल्गुनात पुन्हा पाचोळ्याने भरतो, आणि पाचोळ्याने भरलेली जाळरेषा ही आगीस वाट करून देते. म्हणून हंगामभर ती वारंवार झाडावी लागते. वनविभाग यासाठी पाने उडविणारी यंत्रेही वापरतो. पण खराटा व माणूस यांची गरज त्यामुळे संपलेली नाही.

शेतकऱ्याने आपल्या हद्दीत हेच तत्त्व जाळल्यावाचून अमलात आणावे. रानालगतच्या बांधाचे गवत कापून चाऱ्यास न्यावे. त्या कडेने दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा वखराच्या पाळ्या देऊन उघडा ठेवावा. गवताच्या व कडब्याच्या गंजी घरापासून दूर रचाव्यात व सर्व चारा एकाच गंजीत न ठेवता, दोन गंजींमध्ये भरपूर अंतर राखावे.

५. वणवा लागल्यास

प्रथम कळवावे, मग धावावे. महाराष्ट्र वनविभागाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १९२६ आहे. बीटाच्या वनरक्षकाचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेला असावा. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहांच्या साहाय्याने आग टिपून तिची सूचना वनकर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठविते. ही सोय २००४ पासून सुरू झाली. परंतु उपग्रह गावावरून दिवसातून ठरावीक वेळांनाच जातो. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात लागलेली आग प्रथम गावकऱ्यासच दिसणार.

आग विझविताना पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

(१) आग चढावर वेगाने धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणून आगीच्या वरच्या बाजूस, चढावर, कधीही उभे राहू नये. अरुंद घळीत शिरू नये.

(२) आगीच्या तोंडावर न जाता, जळालेल्या बाजूने सुरुवात करून दोन्ही बगलांनी पुढे सरकावे.

(३) हिरव्या डहाळीने आग दाबावी. डहाळी उंच उचलून झोडपल्यास ठिणग्या उडून आग पसरते.

(४) अंगात सुती कपडे व पायांत जोडे असावेत. नायलॉनचे कापड वितळून कातडीस चिकटते.

(५) माघारीची वाट आधी ठरवावी. एकट्याने जाऊ नये. मुले, वृद्ध व गरोदर स्त्रिया यांना नेऊ नये.

(६) समोरून दुसरी आग लावून पहिली अडविणे हे काम केवळ प्रशिक्षित वनकर्मचाऱ्यांनीच करावे.

(७) आग विझल्यासारखी दिसली तरी ओंडके, बुंधे व वाळलेले शेण यांत ती धुमसत राहते. ही ठिकाणे माती टाकून विझवावीत व दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाहून यावे.

हे नियम केवळ पाठांतरासाठी नव्हेत. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्यात वणवा विझविताना तीन वनमजुरांना प्राण गमवावे लागले. रानात नित्य वावरणारी माणसेही वारा फिरला की कोंडीत सापडतात. गवत पुन्हा येईल, माणूस येणार नाही. आग हाताबाहेर जात आहे असे दिसताच माघार घेणे यात कमीपणा नाही.

६. याच दिवसांतील इतर कामे

वणव्याचा बंदोबस्त करीत असतानाच वनरक्षक पुढील पावसाळ्याची पूर्वतयारी करतो. हिरडा व खैर यांचे बी याच सुमारास मिळते. पाठोपाठ करंज, बाभूळ यांच्या शेंगा पिकतात. बी निरोगी, सरळ वाढीच्या झाडावरून घ्यावे. साग व बाभूळ यांच्या बियांचे कवच कठीण असते. सागाचे बी काही दिवस आळीपाळीने भिजवावे व वाळवावे. बाभळीचे बी गरम पाण्यात भिजवून पेरावे, किंवा शेळ्यांना शेंगा खाऊ घालून वाड्यातील लेंड्यांबरोबर पडलेले बी वेचावे. हे बी लवकर उगवते. हा उपाय धनगर बंधूंस सांगावयास नको.

रोपांसाठीचे खड्डे उन्हाळ्यापूर्वी, जमिनीत थोडी ओल असता खणले म्हणजे मजुरी वाचते व माती उन्हात चांगली तापते. थंडीच्या आरंभी घातलेले वनराई बंधारे या वेळी झिरपू लागतात. चिखल-माती लावून ते बुजविल्यास गुरांना व रानातील जनावरांना आणखी काही आठवडे पाणी मिळते. रानातील पाणवठे उपसून स्वच्छ केले, तर वन्य प्राणी पाण्यासाठी गावात शिरण्याचे प्रसंग कमी होतात. हद्दीचे बुरूज तपासणे हेही याच दिवसांत सोयीचे, कारण गवत कापल्यावर ते स्पष्ट दिसतात व पुढचे तंटे टळतात.

होळीचा सण याच काळात येतो. वाळलेल्या, गळून पडलेल्या फांद्या व गोवऱ्या यांनी होळी यथासांग होते. त्यासाठी उभे झाड तोडण्याचे कारण नाही. होळी गंजीपासून व रानाच्या कडेपासून दूर, मोकळ्या जागी पेटवावी, आणि रात्री घरी परतण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतावे.

७. कायदा व ग्रामसभा

भारतीय वन अधिनियम, १९२७ याच्या कलम २६ प्रमाणे राखीव वनास आग लावणे हा गुन्हा आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे, ज्यांना वनात चराईचे, सरपणाचे अगर तत्सम हक्क आहेत, त्यांनी आगीची वर्दी देणे व ती विझविण्यास साहाय्य करणे हे त्यांचे कर्तव्य ठरते. वनहक्क अधिनियम, २००६ याने सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांस वनाच्या संरक्षणाचा अधिकारही दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास असा हक्क २००९ मध्ये मिळाला. हक्क व राखण या दोन्ही गोष्टी एकाच गावाच्या हाती आल्या म्हणजे आग लागल्यावर ‘रान सरकारचे’ असे म्हणून कोणास बसून राहता येत नाही.

८. गावासाठी कार्यक्रम

माघाच्या आरंभी : ग्रामसभेत वनरक्षकास बोलावून गावाचा नकाशा पुढे ठेवावा व गेल्या दोन-तीन वर्षांत आग कोठून आली त्या जागा खुणावाव्यात. दहा-पंधरा तरुणांची तुकडी नेमावी.

माघाच्या उत्तरार्धात : जाळरेषेच्या कामास श्रमदान करावे. बांधावरील गवत कापून न्यावे.

फाल्गुनात : जाळरेषा आठवड्यातून एकदा झाडावी. मोह वेचणाऱ्या कुटुंबांस प्रत्यक्ष भेटून जाळे व झाडणी यांविषयी सांगावे. दुपारी १२ ते ५ या वेळेत टेकडीवर पाळीने टेहळणी ठेवावी.

चैत्रापासून पाऊस येईपर्यंत : टेहळणी चालू ठेवावी. प्रत्येक आगीची तारीख, वेळ, जागा व कारण एका वहीत लिहावे. पुढील माघात हीच वही सर्वांत उपयोगी पडेल.

चावडीवरील चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावचे कुरण गेल्या पाच वर्षांत किती वेळा जळाले? प्रत्येक वेळी आग कोणत्या बाजूने आली?

२. आपल्या डोंगरावर पवन्या-मारवेल अधिक आहे की कुसळी? वृद्धांच्या आठवणीत ते प्रमाण कसे होते?

३. गावातील सर्व जनावरांस फाल्गुन ते ज्येष्ठ एकूण किती चारा लागतो? त्यांपैकी किती कुरणातून येतो?

४. आज दुपारी रानात धूर दिसला, तर सर्वप्रथम कोण कोणास कळवील?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावात एकाही माणसास तत्काळ देता येत नाही, त्या गावाने इतर प्रश्न बाजूस ठेवून आधी त्याचाच निकाल लावावा.